अर्ध्या मात्रेचा उशीर

रविवारी सकाळी काटेवाल्याने जेवणाचं टेबल स्वतः पुसलं, त्यावर कीबोर्ड मांडला, शेजारी कॉम्प्युटर आणून ठेवला आणि घरातल्या दोघींना बजावलं की अर्धा तास कुणी मध्ये लुडबुड करायची नाही. बायको ओट्याशी भाजी चिरत होती. तिने मान न वळवता विचारलं, "अर्धा तास घड्याळाचा की तुमचा?"

काटेवाला हे काही त्याचं नाव नव्हे. दुकानांतले, गोदामांतले, दवाखान्यांतले वजनकाटे तपासून, दुरुस्त करून देणं हा त्याचा धंदा, आणि बाजारात सगळे त्याला त्याच नावाने हाक मारत. इमारतीच्या तळमजल्यावर त्याची एका खोलीची कार्यशाळा होती. तिथे एका लाकडी पेटीत पितळी वजनं होती, प्रत्येक वजन मखमलीतल्या आपापल्या खळग्यात. त्यांना तो उघड्या बोटांनी कधी शिवत नसे. बोटांचा तेलकटपणासुद्धा वजनात येतो, असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा आणि गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हसायची. हसू देत. आकड्यावर त्याचा जेवढा विश्वास होता तेवढा माणसांवर नव्हता, आणि हे तो लपवतही नसे.

मुलगी आठ वर्षांची. एका जागी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. हात मात्र जड. तिने दार लावलं की चौकटीजवळचा गिलावा उडायचा, पेन्सिलीचं टोक दिवसातून चार वेळा मोडायचं, आणि ती जिना उतरू लागली की पहिल्या मजल्यावरच्या आजोबांना घरात बसल्या बसल्या कळायचं की कोण चाललंय. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या संगीताच्या बाई तिला वर्षभर शिकवत होत्या. "हळू नावाचा शब्द हिच्या कानावर कधी पडलाच नाही का हो?" असं त्या आठवड्यातून एकदा तरी विचारायच्या. महिन्यापूर्वी बाई दुसऱ्या गावी, मुलाकडे राहायला गेल्या. जाताना जुन्या सामानाच्या दुकानातून हा कीबोर्ड त्यांनीच निवडून दिला आणि सांगितलं की दर रविवारी पाठ कॉम्प्युटरवर उतरवून मला पाठवायचा.

"मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवला तर नाही चालणार?" काटेवाल्याने विचारलं होतं.

"त्यात तुमचा फ्रीजही ऐकू येतो. मला आवाज नको, मला तिची बोटं हवीत," बाई म्हणाल्या. "कीबोर्ड कॉम्प्युटरला ज्या वायरीने जोडायचा, तिच्यातून आवाज जातच नाही. कुठली पट्टी दाबली, कधी दाबली, किती जोरात दाबली आणि कधी सोडली, एवढंच जातं. मी तिथे बसून तिची बोटं बघेन."

हे काटेवाल्याला मनापासून पटलं. वायरीबरोबर नवशिक्यांसाठी एक चार पानी माहितीपत्रक आलं होतं. ते त्याने दोनदा वाचून महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा मारल्या. जोराचं माप एक ते एकशे सत्तावीस. त्याच्या वर मोजता येत नाही. शून्य म्हणजे बोट उचललं. वायरीच्या एका टोकाला कॉम्प्युटरची चपटी पिन होती, मध्ये काडेपेटीएवढी डबी, तिच्यावर हिरवा दिवा, आणि दुसऱ्या टोकाला दोन गोल पिना. एकीवर लिहिलं होतं 'इन', दुसरीवर 'आउट'. कीबोर्डच्या पाठीमागे दोन गोल खाचा होत्या आणि त्यांवरही तेच दोन शब्द होते. काटेवाल्याने 'इन'ची पिन 'इन'मध्ये बसवली, 'आउट'ची 'आउट'मध्ये. वजनावरची खूण आणि खळग्यावरची खूण जुळली की वजन जागेवर गेलं, हे तो वीस वर्षं करत आला होता.

"वाजव गं. पाठ सातवा."

पाठ सातवा म्हणजे 'जिना'. चार ओळींची साधी चाल. तीन ओळी सूर पायरी पायरीने वर चढतात आणि चौथ्या ओळीत खाली उतरतात. भिंगरीला तो तोंडपाठ होता, फक्त तिसऱ्या ओळीत ती हमखास पळायची. बाईंनी कानीकपाळी ओरडून सांगितलं तरी तिसरी ओळ आली की पोरीच्या बोटांना पाय फुटायचे.

टेबलाजवळच्या लांब बाकावर ती धपकन बसली आणि वाजवू लागली. पडद्यावर डावीकडून उजवीकडे हिरव्या रेघा उमटल्या, एका सुराला एक रेघ, रेघेवर जोराचा आकडा. रेघ यायला मात्र जरा वेळ लागत होता. भिंगरी पट्टी दाबायची, आणि अर्ध्या मात्रेने रेघ यायची. आकडा प्रत्येक रेघेवर एकच होता.

"तीन?" काटेवाला म्हणाला. "एवढी बडवतेयस आणि तीनच?"

माहितीपत्रकात शेवटच्या आधीच्या पानावर नेहमीच्या अडचणी दिल्या होत्या. सूर उशिरा उमटणे ही नवशिक्यांची सर्वसामान्य तक्रार असून घाबरण्याचे कारण नाही. कमी जोराबद्दल काही नव्हतं. नव्या जागी ठेवलेला काटा स्थिरावायला वेळ घेतोच, असं म्हणून त्याने फाइल बाईंना पाठवली आणि आपल्या वहीत तारीख घालून लिहिलं, तीन.

पुढच्या रविवारी आकडा अकरा झाला. त्याच्या पुढच्या रविवारी चोवीस. काटेवाला खूश होता. सुरांतलं त्याला ओ की ठो कळत नसलं तरी चढता आकडा त्याला कळत होता.

याच दिवसांत भिंगरी बाकाच्या कडेला बसू लागली. अर्धी बाकावर, अर्धी बाहेर.

"अगं पडशील. नीट मध्ये बस ना," आई म्हणाली.

"मध्ये जागा नाही."

"एवढा लांब बाक आणि जागा नाही? एवढी जाडी कधी झालीस?" आई हसली, काटेवालाही हसला. भिंगरी हसली नाही, पण मुलं तशी मध्येच गंभीर होतात.

मग शाळेतून चिठ्ठी आली की अक्षर इतकं पुसट आहे की वाचता येत नाही, मुलीचे डोळे तपासून घ्या. बायको चष्म्याच्या दुकानात नंबर काढण्याचं काम करत असे. तिने लेकीला दुकानात नेऊन तपासलं. डोळे उत्तम होते. "निदान पेन्सिली वाचल्या," ती घरी आल्यावर म्हणाली. "आणि अहो, आठवडाभरात दार आपटल्याचं ऐकलंत का एकदा तरी? लेक शहाणी झाली आपली." काटेवाल्याने मान हलवली. घरात काहीतरी कमी झाल्यासारखं त्यालाही वाटत होतं. काय, ते आता कळलं. आवाज.

चौथ्या आठवड्यात एका दुपारी त्याला दाराबाहेर खुडबुड ऐकू आली. उघडून बघतो तर भिंगरी, पाठीला दप्तर, दोन्ही अंगठे बेलच्या बटणावर.

"कधीची दाबतेय, बाबा. वाजतच नाही."

त्याने बोट लावलं. बेल खणखणीत वाजली. भिंगरीने पुन्हा दोन्ही अंगठे लावून दाबलं. बटण जागचं हललं नाही. काटेवाल्याने बटण उघडून आत तेलाचा थेंब सोडला, आणि तेवढ्यावर तो विषय संपवला. त्या रविवारी वहीत आकडा लिहिला, सेहेचाळीस.

सोमवारी तो कार्यशाळेत होता तेव्हा बाईंचा फोन आला. या आधी त्या फक्त 'मिळाली' एवढंच लिहायच्या.

"मी आज चारही फाइली एकापाठोपाठ एक ऐकल्या," बाई म्हणाल्या. "कोण वाजवतंय हे?"

"भिंगरी. दुसरं कोण आहे घरात?"

"तिसऱ्या ओळीत पळत नाही ही. एकदाही नाही."

"सुधारली असेल, बाई. तुम्हीच तर मागे लागला होतात."

"सुधारलेलं पोर कसं वाजवतं ते मला कळतं हो. ही पळत नाही, ही थांबते. आधी कुणीतरी वाजवतंय, ते ऐकून मग ही बोट ठेवतेय. प्रत्येक सुराला." मग त्यांनी विचारलं, "वायर कशी जोडलीत? फोटो पाठवा मला."

तो वर जाऊन फोटो काढून खाली आला. पाच मिनिटांत पुन्हा फोन वाजला.

"पिना उलट्या लावल्यात. 'इन'ची पिन कीबोर्डच्या 'आउट'मध्ये जाते, आणि 'आउट'ची 'इन'मध्ये. नवशिके हटकून हीच चूक करतात. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाशी हवं ना? तुम्ही कानाला कान लावलाय आणि तोंडाला तोंड."

"चुकलं. आत्ता बदलतो."

"अहो, तसं नाही. पिना अशा असताना कीबोर्डवरून कॉम्प्युटरमध्ये काही जाऊच शकत नाही. एक सूरसुद्धा नाही."

"पण गेलं ना. चार आठवडे जातंय."

"तेच मी तुम्हाला विचारतेय," बाई म्हणाल्या.

काटेवाला घाबरला, पण धंद्याची सवय घाबरण्याच्या आधी धावून आली. संशय आला की मोकळा काटा तपासायचा. त्याने पिनांना हात लावला नाही. वर जाऊन, बाकावर बसून डावीकडून उजवीकडे सगळ्या एकसष्ट पट्ट्या एकेक करून दाबल्या, काळ्याही सोडल्या नाहीत. आवाज येत होता. पडदा कोरा होता. डबीवरचा दिवा लागत नव्हता. बाईंचं बरोबर होतं.

तीन वाजता भिंगरी शाळेतून आली. त्याने तिचं दप्तर उतरवून घेतलं आणि सांगितलं, "जिना वाजव. मी थांब म्हटलं की हात मांडीवर घ्यायचे."

ती कडेला बसली. पहिला सूर वाजला. अर्ध्या मात्रेने दिवा लागला आणि रेघ उमटली. एकसष्ट. दुसरा सूर. रेघ. एकसष्ट. काटेवाला पडद्याकडे बघत होता. दुसऱ्या ओळीचा शेवटचा सूर वाजला तसं तो म्हणाला, "थांब."

भिंगरीने दोन्ही हात मांडीवर घेतले. त्या सुराची रेघ उमटली, नेहमीप्रमाणे उशिरा.

मग आणखी एक उमटली. तिसऱ्या ओळीचा पहिला सूर. तो कुणी वाजवलेला नव्हता.

भिंगरी पडद्याकडे बघत नव्हती. ती बाकाच्या मध्यभागाकडे बघत होती.

"चुकली ती," ती हळूच म्हणाली. "तिला वाटलं मी पुढे जाणार."

"कोण ती?"

"मला काय माहीत? मी वाजवलं की मग वाजवते."

त्याने पिना उपसल्या आणि बाईंनी सांगितल्या तशा उलट लावल्या. का, ते त्याला सांगता आलं नसतं. काहीतरी दुरुस्त करणं भाग होतं, आणि तेवढी एकच गोष्ट चुकीची आहे असं त्याला नक्की माहीत होतं. आता भिंगरीने पट्टी दाबली की त्याच क्षणी रेघ येत होती. तिची स्वतःची, पहिल्यांदाच. मागून अर्ध्या मात्रेने दुसरी येत होती. भिंगरीच्या रेघेवर सहासष्ट. मागच्या रेघेवर एकसष्ट.

बेरीज एकशे सत्तावीस.

त्याने पुढच्या सुराची केली. त्याच्या पुढच्या. सगळीकडे एकशे सत्तावीस. मग वही काढली. तीन, अकरा, चोवीस, सेहेचाळीस. प्रत्येक आकडा एकशे सत्तावीसातून वजा करून शेजारी लिहीत गेला. एका पारड्यातून उचललेलं दुसऱ्या पारड्यात जातं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. घरातलं दार गेला महिनाभर का आपटत नाही, हेही कुणी सांगायला नको होतं.

त्याने कीबोर्ड चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकला आणि वायर कपाटात. संध्याकाळी बायकोला सांगितलं की बिघडलाय, बघू नंतर. ती म्हणाली, "तुम्ही बघितल्यावर बिघडलेलं तसंच राहतं कधी?" एरवी या वाक्याने तो फुलून गेला असता.

शुक्रवारी जिन्यापाशी भिंगरी म्हणाली, "बाबा, पाठुंगळी." हे तिचं रोजचंच होतं, आणि माझी पाठ मोडेल हे त्याचं उत्तरही रोजचंच. त्या दिवशी तो खाली बसला. ती पाठीवर आली आणि तो उभा राहिला, तर त्याला वाटलं की पोरगी चढलीच नाही, रिकामं दप्तर तेवढं त्याच्या खांद्याला लटकतंय. वळून बघितलं. तिचे हात त्याच्या गळ्याभोवती होते.

तो जिना चढला नाही. तिला घेऊन कार्यशाळेत गेला. दर वाढदिवसाला तो तिला मोठ्या काट्यावर उभी करून भिंतीवर आकडा लिहीत असे. तीन महिन्यांपूर्वीचा आकडा भिंतीवर होता, चोवीस किलो तीनशे.

काट्याने नऊ दाखवले.

गाल तसेच भरलेले होते. फ्रॉक अंगाला तसाच घट्ट होता. त्याने तिला उतरवलं, पेटीतली पितळी वजनं कातड्याच्या तुकड्याने धरून एकेक काट्यावर ठेवली. ग्रॅमचाही फरक नव्हता. पुन्हा तिला उभं केलं. नऊ.

"पास का मी, बाबा?" भिंगरीने विचारलं.

बायको कामावरून आली, तिने लेकीला उचललं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. शनिवारी सकाळी दोघं तिला घेऊन डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी तिला काट्यावर उभं केलं, आठ बघितले, भिंगरीला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि ते हसले. "काटा बिघडलाय. बरं झालं तुम्हीच आलात, जाताना तपासून द्या." घसा, छाती, डोळे, जीभ सगळं ठीक होतं. काटेवाला तो काटा तपासायला वाकलाही नाही. त्यावरचं प्रमाणपत्र त्याच्याच सहीचं होतं.

घरी येताच त्याने माळ्यावरून कीबोर्ड काढला. पिना नीट बघून बसवल्या. भिंगरी वाजवायला बसली तेव्हा तिला एकेक पट्टी खाली नेताना ओठ चावावे लागत होते. तिचे बेचाळीस. मागून येणारीचे पंच्याऐंशी. त्याने वहीच्या समासात त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं आठ किलो आणि वर छत्तीस ग्रॅम.

"काय करताय ते मला सांगा," बायको त्याच्या मागे उभी होती. "आणि सरळ सांगा."

त्याने सरळ सांगितलं. ती हसली नाही. खुर्ची ओढून बसली, वही वाचली आणि विचारलं, "परत कसं आणायचं?"

माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर एक ओळ होती. कॉम्प्युटरवर उतरवलेला पाठ कीबोर्डवर परत पाठवता येतो. गेला आठवडाभर ती ओळ त्याच्या डोक्यात घोळत होती, आणि आता पिनाही सरळ होत्या. इकडचं तिकडे गेलंय, तर तिकडचं इकडे आणायचं. त्याला हे इतकं स्वच्छ दिसत होतं की त्याने आणखी विचार केला नाही. काटा एका बाजूला झुकला असेल तर तो सम करायचा, आयुष्यभर त्याने तेच केलं होतं. त्याने सगळ्या फाइलींतल्या मागून आलेल्या रेघा वेचून एका जागी लावल्या. दुपारचा दीड वाजला होता. खिडकीतून टेबलावर ऊन येत होतं.

"करा," बायको म्हणाली. "पण मी तिचा हात सोडणार नाही."

भिंगरी बाकाच्या कडेला बसली. आईने तिचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. काटेवाल्याने बटण दाबलं.

जिना वाजू लागला.

असल्या कीबोर्डच्या पट्ट्या आपोआप खाली जात नाहीत. आवाज तेवढा येतो. त्या दुपारी पट्ट्या खाली जात होत्या, एकेक, शांतपणे, कुठेही घाई नाही.

दुसरी ओळ सुरू झाली तेव्हा बाक करकरला.

"बाबा," भिंगरी म्हणाली. "मग मी कुठे बसू?"

"बस तिथेच. हलू नकोस."

"पण बाबा, ती सरकायला..."

"हलू नकोस म्हटलं ना!"

तो तिच्यावर कधी ओरडत नसे. बाबांचं ऐकून ती जिथे होती तिथेच बसून राहिली.

तिसरी ओळ. चौथी. शेवटची पट्टी खाली गेली आणि वर आली.

"आई गं!" बायको ओरडली. हात सोडवून तिने बोटं झटकली. "केवढ्यांदा दाबलंस!"

भिंगरीने आधी आपल्या पंजाकडे बघितलं, मग आईकडे, मग बाबांकडे. उठून धाडधाड आतल्या खोलीत गेली. जमीन हादरली. दार आपटलं आणि चौकटीजवळचा गिलावा पडला.

काटेवाला मटकन खाली बसला आणि पोराटोरांसारखा रडला. बायको हसत होती, रडत होती, गिलावा ओंजळीत भरत होती. दोघं तिला तळमजल्यावर घेऊन गेली. काटा थरथरला आणि स्थिरावला. चोवीस किलो तीनशे. जीव भांड्यात पडला.

रविवारी फाइल पाठवायची होती. कीबोर्ड पुन्हा उघडायचा नाही असं त्याने ठरवलं होतं, पण भिंगरीनेच हट्ट धरला, आणि तिच्या हट्टाचंही त्याला कौतुक वाटलं. तो ओट्याशी उभा राहून पाठमोरा ऐकत होता. पडद्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं. "बघा, आज कशी मध्ये बसलीये," बायको म्हणाली. फाइल पाठवून ती निर्धास्तपणे बाजारात गेली.

तासाभराने बाईंचा फोन आला.

"शाबास! आज जोर आहे हातात. आणि तिसरी ओळ बसली की हो एकदाची! जरासुद्धा पळाली नाही."

काटेवाल्याने फोन ठेवला. एक फालतू गोष्ट त्याला उगाचच आठवत होती. वाढत्या वयाचं पोर. तीन महिन्यांनी वजन तेवढंच. एक ग्रॅम जास्त नाही.

तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि फाइल उघडली.

हिरव्या रेघा ठसठशीत होत्या. सगळ्यांवर एकशे चोवीस. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, चौथी, सगळ्या एका मापाच्या. त्याने पडदा मोठा करून बघितला. आणखी मोठा केला.

प्रत्येक रेघेच्या खाली एक केसासारखी बारीक रेघ होती. आकडा तीन.

त्याने तिसरी ओळ बघितली. तिथे बारीक रेघा वरच्या रेघांच्या पुढे निघून गेल्या होत्या. एकमेकींवर चढत, धडपडत, त्या पळत होत्या.

त्याने ती ओळ तीनदा बघितली. मग त्याच्या तोंडून हाक निघाली, आतल्या खोलीकडे नव्हे, बाकाच्या कडेकडे. "भिंगरे?"

"काय बाबा?"

ती दारात उभी होती. तिच्या हातात वायर होती, सारख्या वेढ्यांची सुबक गुंडाळी करून वर रबर लावलेली. भिंगरीने आजवर चपलासुद्धा कधी जोडीने ठेवल्या नव्हत्या.

"ही आता लागणार नाही ना?" तिने विचारलं. विचारण्याआधी ती किंचित थांबली होती.

"दे इकडे," तो म्हणाला.

ती जवळ आली. त्याने वायर धरून ओढली. दोन्ही हातांनी ओढली. तिच्या मुठीतून ती तसूभरही हलली नाही. ती त्याच्याकडे शांतपणे बघत राहिली.

टेबलावर कीबोर्ड बंद होता. कॉम्प्युटरला काहीच जोडलेलं नव्हतं. आणि पडद्याच्या कडेला नव्या रेघा उमटू लागल्या होत्या, केसाहून बारीक. पहिली ओळ झाली. दुसरी झाली. तिसऱ्या ओळीत त्या पळाल्या. आकडा दोन होता.

चौथ्या ओळीत, जिना उतरताना, तो एक झाला.